आधी संडास, मग यंत्रं: लघवीच्या तक्रारींचा दवाखाना उभा करताना

नकाशा टेबलावर पसरला होता. मधोमध ऐसपैस खोली, तिच्यावर लिहिलेलं ‘युरोडायनॅमिक तपासणी’, म्हणजे मूत्राशयातला दाब यंत्रानं मोजणं. शेजारी डॉक्टरांच्या दोन खोल्या, पुढे बसायची जागा, कोपऱ्यात स्टोअर. संडास कुठे? पॅसेजच्या टोकाला, लिफ्टच्या पलीकडे. ‘‘मजल्याचे कॉमन आहेतच की,’’ असं नकाशा काढणाऱ्यांचं उत्तर. बैठकीत एक जुन्या सिस्टर होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. उठून रिकाम्या मजल्यावर गेल्या आणि जिथे खुर्च्या येणार होत्या तिथपासून संडासच्या दारापर्यंत, गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या चालीनं चालून आल्या. चौसष्ट पावलं. ‘‘आपल्याकडे येणाऱ्या बाईला लागली की वीस पावलं मिळतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढच्या चव्वेचाळीस पावलांत जे होतं ते पुसायला मी असते.’’

नकाशा परत गेला. मी डॉक्टर नाही. जागा, खरेदी, वेळापत्रक, माणसांची भरती ही माझी बाजू. तरीही लघवी का सुटते हे मला शिकावंच लागलं, कारण त्याशिवाय खोली किती मोठी हवी, माणसं किती हवीत आणि एका रुग्णाला किती मिनिटं द्यायची, यातलं काहीच ठरवता येत नव्हतं.

पिशवी आणि तिचा चिमटा

मूत्राशयाला कामं दोनच: साठवणं आणि रिकामं होणं. मोठ्या माणसाचं मूत्राशय साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी धरून ठेवतं. दीडशे-दोनशे मिलिलिटरला पहिली चाहूल लागते, ‘जायला हवं, पण घाई नाही’ अशी. साठवताना पिशवीच्या भिंतीतला स्नायू सैल राहायला हवा आणि तोंडाशी असलेला चिमटा घट्ट. रिकामं होताना नेमकं उलट: चिमटा सैल, भिंत घट्ट. हा अदलाबदलीचा हुकूम मेंदूतून सुटतो, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून खाली येतो आणि कमरेखालच्या नसांतून मूत्राशयापर्यंत पोचतो. मेंदूचं आणखी एक काम म्हणजे ‘थांब, अजून जागा सापडलेली नाही’ असं पिशवीला बजावत राहणं. लहान मुलाला हे बजावणं शिकायला काही वर्षं लागतात. पक्षाघात किंवा मज्जारज्जूची इजा ते एका फटक्यात पुसू शकते, पार्किन्सन हळूहळू.

आता बिघाड. कुणाची खोकलं, शिंकलं, जड उचललं की सुटते. तिथे पिशवी ठीक असते, चिमटा आणि त्याला खालून आधार देणारे स्नायू कमी पडतात. बाळंतपणानंतर बायकांमध्ये आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांमध्ये हे दिसतं. कुणाची घराच्या कुलपात किल्ली फिरवतानाच सुटते. तिथे पिशवी भरायच्या आधीच आवळायला लागते. अनेकींमध्ये दोन्ही एकत्र असतं. कुणाला लघवी नीट होतच नाही, पिशवी तुंबते आणि काठोकाठ भरल्यावर वरचं वर सांडत राहते. आणि कुणाचं मूत्राशय अगदी शहाणं असतं, पण गुडघे उठू देत नाहीत, बटणं निघत नाहीत, अंधारात दार सापडत नाही. अशा माणसाला गोळी देण्यापेक्षा पलंगाशेजारी भांडं ठेवणं जास्त उपयोगी.

या सगळ्यांत फसवा तो तुंबून सांडणारा प्रकार. रुग्ण सांगतो, ‘सारखी जावी लागते, थोडी थोडी होते, गळते.’ ऐकणाऱ्याला वाटतं, मूत्राशय चिडलंय. चिडलेलं मूत्राशय शांत करायची गोळी दिली, तर आधीच तुंबलेली पिशवी आणखी सुस्तावते आणि लघवी पूर्ण बंद पडू शकते. म्हणून लघवी करून आल्यावर आत किती उरली, हे मोजल्याशिवाय अशी गोळी सुरू करायची नाही, असा नियम आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी भिंतीवर लावला. ते मोजायला ओटीपोटावर टेकवायचा छोटा सोनोग्राफी स्कॅनर पुरतो. दोन मिनिटं लागतात, सिस्टर करू शकतात, नळी घालावी लागत नाही. सगळ्या खरेदीत मी एकच वस्तू घेऊ शकलो असतो तर हीच घेतली असती.

एक वही, एक मापट

त्याहून स्वस्त आणि त्याहून हुशार साधन म्हणजे लघवीची वही. तीन दिवस, दिवसरात्र लिहायचं: किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवी झाली, मापटात किती भरली, घाई होती का, कपडे ओले झाले का. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू. पण पहिल्या भेटीआधी ही वही भरून आली तर निम्मं निदान टेबलावरच असतं.

मी पाहिलेली एक वही अजून लक्षात आहे. गृहस्थ सत्तरीचे. तक्रार एकच: रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं, प्रोस्टेटच्या गोळीनं फरक नाही. वहीत दिवसाच्या नोंदी अगदी सरळ, प्रत्येक वेळी तीनशेच्या आसपास. रात्रीच्याही तेवढ्याच. सिस्टरनी कॅल्क्युलेटर काढला, रात्रीचे आकडे आणि सकाळी उठल्याबरोबरची पहिली लघवी यांची बेरीज केली. चोवीस तासांतली निम्म्याहून जास्त लघवी रात्री होत होती. वय झालेल्या माणसात हा वाटा साधारण एक तृतीयांशापर्यंत चालतो. त्याच्या वर गेला की प्रश्न मूत्राशयाकडून दुसरीकडे वळतो. दिवसभर पायांवर साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. झोपेत श्वास अडखळत असेल तरी रात्रीची लघवी वाढते. त्यांच्या पायांवर बोट दाबलं तर खळगा राहत होता. मूत्राशयाच्या दवाखान्यातून त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे सगळं एका फुटपट्टीनं आखलेल्या कागदावर.

तर पहिल्या भेटीचा ऐवज असा: वही, सविस्तर विचारपूस, पोटाची आणि गरजेप्रमाणे खालची तपासणी, लघवीची पट्टी बुडवून तपासणी, उरलेल्या लघवीचं मोजमाप. विचारपुशीत शौचाचा प्रश्न आलाच पाहिजे. आतडं आणि मूत्राशय शेजारी राहतात, बद्धकोष्ठता झाली की मूत्राशय दबतं. मुलांमध्ये तर बरेचदा आधी पोट साफ करावं लागतं, मग लघवीकडे बघायचं. आणि रोजच्या गोळ्यांची यादी. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेणारे लोक भेटतात आणि रात्रभर जागतात.

यासाठी वेळ किती? आम्ही सुरुवातीला पंधरा मिनिटांचा रकाना आखला होता, इतर ओपीडीसारखा. पहिल्या आठवड्यातच तो हास्यास्पद ठरला. वर्षानुवर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट माणूस पहिल्या पाच मिनिटांत बोलत नाही. आधी कंबरदुखी सांगतो, मग झोप, मग दाराकडे बघतो, मग हळूच म्हणतो, ‘आणि एक होतं…’ आता पहिल्या भेटीला पाऊण तास धरतो.

काही गोष्टी मात्र पाऊण तासाची वाट बघू शकत नाहीत, आणि फोन उचलणाऱ्या माणसाला त्या पाठ हव्यात. लघवीतून रक्त. लघवी पूर्ण अडकली आहे आणि पोट दुखतंय. कंबरदुखीबरोबर पायांत अशक्तपणा, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आणि लघवी-शौचावरचा ताबा अचानक गेला. या शेवटच्यात कण्याच्या तळाशी नसा दाबल्या गेलेल्या असू शकतात. तिथे तास मोजले जातात. अशा माणसाला पुढच्या महिन्याची तारीख देणारा दवाखाना नसलेला बरा. लघवीतल्या रक्ताचीही तपासणी लगेच लावायची, दुखत नसलं तरी. न दुखणारं रक्त जास्त संशयास्पद.

जागा

चौसष्ट पावलांचा हिशेब सुधारल्यावर नकाशात संडास बसायच्या जागेला चिकटून आले. किती? रुग्ण जितके एका वेळी बसणार त्या मानानं इतर ओपीडीपेक्षा जास्तच, कारण इथे येणाऱ्याला ‘आत कुणीतरी आहे’ हे वाक्य परवडत नाही. दार बाहेर उघडणारं हवं, कारण माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. दोन्ही बाजूंना धरायचे दांडे, व्हीलचेअर वळेल एवढी जागा, ओढायची घंटा जमिनीपर्यंत लोंबणारी. निदान एका खोलीत मोठ्या माणसाला झोपवून कपडे बदलता येतील असं बाकडं. वापरलेल्या पॅडसाठी झाकणाचा डबा पुरुषांच्या बाजूलाही. हे नव्वद टक्के ठिकाणी विसरतात असं मला वाटतं, माझ्या डोळ्यांनी मोजलेलं नसलं तरी. खुर्च्या पुसता येतील अशा. कापडी सोफा देणगीत आला होता, आम्ही तो हात जोडून परत केला.

रिसेप्शनवर ‘काय त्रास आहे?’ असा मोठ्यानं प्रश्न नको. नाव, वेळ, बस. बाकीचं आत.

मग येते लघवीची धार मोजायची खोली. यंत्र साधं आहे: खुर्चीखाली फनेल, त्याखाली वजन किंवा वेग मोजणारं उपकरण, आणि कागदावर एक टेकडीसारखी रेघ. निरोगी माणसाची टेकडी गुळगुळीत चढते आणि उतरते, आणि सर्वांत जोराचा वेग बहुधा सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर असतो. अडथळा असेल तर टेकडीचं पठार होतं. पोटानं जोर लावून करणाऱ्याची रेघ करवतीसारखी. पण अट अशी की लघवी किमान दीडशे मिलिलिटर तरी झाली पाहिजे, त्याखाली रेघेवर भरवसा नाही. म्हणजे रुग्ण भरल्या पोटी नव्हे, भरल्या मूत्राशयानं हवा. आणि आत एकटा हवा. पातळ भिंतीपलीकडे चार माणसं बोलत असताना लघवी उतरत नाही, हे कुणालाही विचारा. म्हणून भिंतीला आवाज अडवणारा थर, आत नळ, आणि आकडे बाहेरच्या पडद्यावर येतील अशी वायर.

इथेच वेळापत्रकाची गाठ बसते. भरलेलं मूत्राशय ताटकळत नाही. एकदा डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले आणि सकाळची यादी पन्नास मिनिटं मागे पडली. दाराशी बसलेल्या बाईंनी पायावर पाय घट्ट आवळले होते, हातातली पिशवी मांडीवर दाबून धरली होती, आणि दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे नाही, संडासच्या दाराकडे बघत होत्या. शेवटी त्या उठल्या. जाऊन आल्या. तपासणी वाया गेली, पुन्हा दोन तास पाणी पीत बसणं आलं. तेव्हापासून धारेची तपासणी वेळेशी बांधलेलीच नाही. ज्याला लागली त्यानं सिस्टरना खूण करायची, खोली उघडी असते.

मोठं यंत्र

आता ती मधोमधची खोली. युरोडायनॅमिक तपासणीत एक बारीक नळी मूत्राशयात आणि एक गुदद्वारात ठेवतात. पहिली मूत्राशयातला दाब सांगते, दुसरी पोटाचा. वजाबाकी केली की पिशवीच्या स्नायूचा स्वतःचा दाब उरतो. माणूस खोकला तर दोन्ही रेघा एकदम उडाल्या पाहिजेत आणि वजाबाकीची रेघ जवळजवळ सपाट राहिली पाहिजे. म्हणून तपासणीभर मधूनमधून खोकायला सांगतात. तो रुग्णाचा खोकला नसतो, यंत्राची परीक्षा असते. शून्य कुठे धरायचं, दाब कुठल्या उंचीवर मोजायचा, शब्द कुठले वापरायचे याचे नियम १९७१ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीनं, म्हणजे याच विषयातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, घालून दिले आहेत. ते न पाळता काढलेला आलेख रंगीत असतो, इतकंच.

मूत्रपिंडं पिशवी मिनिटाला एक-दीड मिलिलिटरनं भरतात. पंप त्याच्या कित्येक पट वेगानं भरतो. अनोळखी खोली, दोन नळ्या, परकी माणसं. त्यामुळे घरी जे होतं ते तिथे झालं नाही, तर ‘तक्रार खोटी’ असा निष्कर्ष काढायचा नसतो. एका रुग्णाला पाऊण ते एक तास लागतो, त्यामुळे दिवसाला मोजकेच होतात. आणि मुख्य म्हणजे ही तपासणी सगळ्यांना लागत नाही. ऑपरेशनचा निर्णय अवघड असेल, उपचार फसले असतील, मज्जासंस्थेचा आजार असेल, तेव्हा लागते. मज्जारज्जूच्या रुग्णांत तर ती मूत्रपिंडं वाचवते, कारण मूत्राशयातला दाब सतत चढा राहिला तर लघवी उलटी वर ढकलली जाते आणि मूत्रपिंडं झिजतात, तेही न दुखता. नवा दवाखाना हे यंत्र दुसऱ्या वर्षी घेऊ शकतो, तोवर अशा रुग्णांसाठी दुसऱ्या केंद्राशी बोलणं करून ठेवायचं. स्कॅनर आणि वही मात्र पहिल्या दिवशी हवी.

माणसं

दवाखान्याचा कणा म्हणजे या कामात शिकलेली नर्स. वही वाचणं, उरलेली लघवी मोजणं, धार बघणं, पॅड निवडून देणं, त्वचा सांभाळणं, फोनवर धीर देणं, यातलं बहुतेक त्याच करतात. डॉक्टरांकडे निवडक रुग्ण पुढे जातात. पुरुषांसाठी मूत्ररोगतज्ज्ञ, बायकांसाठी या विषयात काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि महिन्यातून ठरावीक दिवशी मज्जाविकार, बालरोग आणि वृद्धांच्या आजारांचे डॉक्टर आले तरी चालतं. पण ते एकाच टेबलाशी बसून अवघड केसवर बोलले पाहिजेत. नाहीतर रुग्ण पाच दारं फिरतो आणि प्रत्येक दारात वही पहिल्या पानापासून सुरू होते.

फिजिओथेरपिस्टना दार लावता येईल अशी स्वतःची खोली द्या. पडद्याआड हे काम होत नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडला आणि तो आजही खोकल्याबरोबर सुटणाऱ्या लघवीवरचा पहिला उपचार आहे. कागदावर छापून दिला तर तो बहुधा चुकतो: स्नायू आत-वर ओढायच्या ऐवजी लोक खाली जोर करतात, श्वास धरतात, कुल्ले आवळतात. तपासून, हातानं किंवा सेन्सरनं दाखवून शिकवावा लागतो. दिवसातून तीन वेळा, दर वेळी निदान आठ आकुंचनं, आणि किमान तीन महिने. घाईच्या रुग्णांना वेगळी शिस्त: दोन वेळांमधलं अंतर थोडं थोडं वाढवत न्यायचं, निदान सहा आठवडे. म्हणजे फिजिओथेरपीच्या तारखा पहिल्याच दिवशी तीन महिन्यांच्या द्यायच्या. आम्ही सुरुवातीला एकेक तारीख देत गेलो आणि तिसऱ्या तारखेनंतर निम्मे लोक दिसेनासे झाले.

गोळ्या याच्या पुढची पायरी. घाई कमी करणाऱ्या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, शौच अडकतं आणि म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ उडू शकतो. म्हणून वृद्धांसाठी निवड विचार करूनच. गोळ्यांनी भागलं नाही तर घोट्याजवळच्या नसेला सौम्य विजेची चालना, आठवड्यातून एकदा अर्धा तास असे बारा आठवडे. किंवा मूत्राशयाच्या भिंतीत बोटुलिनम टॉक्सिनची, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं. इंजेक्शनांचा परिणाम काही महिन्यांनी ओसरतो आणि पुन्हा द्यावी लागतात. शिवाय काहींची लघवी त्यानंतर तुंबते. म्हणून इंजेक्शनच्या संमतीपत्रावर सही करायच्या आधी नळीनं लघवी काढायची तयारी आहे का, हे विचारायचं. सही झाल्यावर विचारणं म्हणजे फसवणूक.

नळीनं स्वतः लघवी काढणं ऐकायला भयंकर वाटतं. १९७२ मध्ये अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुकता लागत नाही. धुतलेले हात, स्वच्छ नळी आणि ठरावीक वेळी पूर्ण रिकामं करणं पुरतं. शिकवायला लागतं काय? चांगला उजेड, आरसा, बेसिन, टेकायला जागा आणि एक तास. आमच्या नकाशात ही खोली नव्हतीच. शेवटी स्टोअर रिकामं करून केली, आणि आज सगळ्यात जास्त आभार याच खोलीत मिळतात. पहिल्यांदा स्वतः नळी घालून बाहेर आलेला तरुण मुलगा व्हीलचेअरवर बसूनच सिस्टरना म्हणाला, ‘‘म्हणजे आता मी रात्रीच्या गाडीनं जाऊ शकतो?’’

काम बरं चाललंय का, हे किती तपासण्या झाल्या यावरून कळत नाही. किती वेळा गळते, किती गळते आणि जगण्यात किती अडथळा होतो, या तीन प्रश्नांची शून्य ते २१ गुणांची छोटी प्रश्नावली आहे. पहिल्या भेटीला आणि तीन महिन्यांनी, दोन्हीदा भरून घ्यायची.

सगळ्यात शेवटी आम्ही दुरुस्त केलं ते भेटीआधी पाठवायचं पत्र. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘मूत्राशय पूर्ण भरून यावे.’ लोक दोन-दोन लिटर पाणी पिऊन आले, एक बाई प्रवासातच अर्ध्या वाटेवर ओल्या झाल्या आणि परत गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. आता पत्रात असं आहे: ‘नेहमीसारखं पाणी प्या. वाटेत लागली तर जाऊन या, काही बिघडत नाही, इथे पुन्हा पाणी पिता येईल. भरलेली वही आणि चालू गोळ्या आणा. कपड्यांचा एक जोड आणलात तर बरं, विसरलात तर आमच्याकडे आहेत. संडास शिरल्याबरोबर डाव्या हाताला आहे, विचारावं लागणार नाही.’